साखर उद्योगाचे स्थानिकीकरण आणि वेबरचा सिद्धांत

ज्या कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत घटते, त्यावर आधारित उद्योग वाहतूक खर्च वाचविण्यासाठी त्या मालाजवळच स्थिरावतो, असे जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये प्रतिपादन केले. ऊस हे याचे बोलके उदाहरण होय. शंभर टन उसापासून साधारणतः दहा-अकरा टन साखर मिळते. शिवाय तोडणीनंतर उसातील साखरेचे प्रमाण झपाट्याने घटू लागते. बॉयलरचे इंधन, म्हणजे बगॅस, तेही उसातूनच उपलब्ध होते. साहजिकच कारखाना मुंबईच्या बाजारपेठेजवळ नव्हे, तर शिवारातच उभा राहतो. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा खोऱ्यात, कालव्याच्या बागायतीत, सुरू झालेला सहकारी कारखाना या तर्काशी सुसंगतच होता.

तथापि वेबर यांनी कच्च्या मालाचे स्थान आधीच निश्चित असल्याचे गृहीत धरले. येथेच ही चौकट अपुरी पडते. मराठवाड्यात अनेक ठिकाणी कारखाना आधी आला व ऊस त्याच्या मागोमाग. परवाना, शासकीय भागभांडवल आणि स्थानिक नेतृत्वाचा आग्रह या बाबी वाहतूक खर्चाहून अधिक निर्णायक ठरल्या. हमखास खरेदीदार मिळाल्यावर शेतकरी उसाकडे वळला, यात त्यास दोष देता येणार नाही. परंतु पाण्याचे खरे मोल कारखान्याच्या हिशेबात येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या जिल्ह्यात अनेक साखर कारखाने उभे होते. २००६ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात दोन कारखान्यांतील किमान १५ कि.मी. अंतराची अट समाविष्ट झाली. ती उसाची पळवापळव रोखण्यासाठी आहे, पाण्याच्या उपलब्धतेशी तिचा संबंध नाही.