पॉलिश म्हणजे नुसती चकाकी नव्हे

ईद जवळ आली की आपण घरातली तांब्यापितळेची भांडी चिंच-मीठ लावून लख्ख करतो. त्यामुळे पॉलिश म्हटले की आपल्याला शोभाच आठवते. कारखान्यात आणि दातांच्या दवाखान्यात मात्र ती गरज असते.

धातू गुळगुळीत करताना आधी जाड, मग बारीक दाण्याचा पॉलिश पेपर वापरतात. आकडा वाढतो तसा दाणा बारीक होतो: 120, 220, 400, 600. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे काढतो. सतत ताण सोसणाऱ्या शाफ्टवर खोल ओरखडा राहिला, तर पुढे तिथूनच तडा जाऊ शकतो. पण सगळेच गुळगुळीत करून चालत नाही. इंजिनच्या सिलिंडरमध्ये बारीक तिरप्या रेघा मुद्दाम ठेवतात. त्यांत तेल टिकते.

दातांचेही असेच आहे. खरबरीत जागी जंतूंचा थर लवकर जमतो. म्हणून डॉक्टर कीटण काढल्यावर रबरी कप आणि बारीक पेस्टने दात पॉलिश करतात. दातात भरलेले सिमेंट किंवा बसवलेली कॅपही गुळगुळीत करावी लागते. खरबरीत सिरॅमिक समोरचा दात झिजवते. कवळीची बाहेरची बाजू चकचकीत करतात, पण हिरडीवर बसणारी बाजू तशीच ठेवतात, नाहीतर ती नीट बसत नाही.

दात साफ केल्याने ते हलू लागतात, ही भीती आपल्या घरांतून अजून ऐकू येते. खरे तर कीटण साचल्याने हिरडी आणि हाड आधीच कमजोर झालेले असते. कीटण निघाल्यावर ते जाणवते इतकेच.

खरा धोका घरच्या 'पॉलिश'मध्ये आहे. विटेची पूड, कोळसा, जाड मीठ यांनी दाताचे वरचे कवच झिजते, आणि ते पुन्हा वाढत नाही. मशेरी तर भाजलेली तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत. तोंडाच्या कॅन्सरचा धोका मात्र वाढतो. आपल्या कितीतरी आया-बहिणींना ही सवय आहे. त्यांच्याशी रागावून नव्हे, प्रेमाने बोलायला हवे.

मिस्वाक ही आपली सुन्नत आहे. तिचे टोक चावून मऊ करतात, मग दातांवर हलक्या हाताने फिरवतात. स्वच्छतेला जोर नव्हे, नियमितपणा लागतो, हे आपण त्यातूनच शिकावे.