पेंट करेक्शन : गाडी चकचकीत होते, पण त्या बदल्यात काय जातं?

रात्री पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटकडे नीट बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील. यांना म्हणतात स्वर्ल मार्क्स. गंमत म्हणजे त्या रेघा गोल नसतातच. बॉनेटवर सगळ्या दिशांना बारीक ओरखडे पडलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात आणि डोळ्यांना वर्तुळ दिसतं. पांढऱ्या गाडीवरही हे ओरखडे असतात, फक्त चटकन नजरेत भरत नाहीत.

हे ओरखडे काढायचं काम म्हणजे पेंट करेक्शन. डिटेलिंग स्टुडिओत यासाठी साध्या वॉशिंगच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. एवढे पैसे घेतात म्हणजे गाडीवर काहीतरी भारी लावत असतील, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात होतं उलटं. लावत काही नाहीत, काढतात.

गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतं. 1000 मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. त्यात क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवायचं काम हाच थर करतो आणि बहुतेक ओरखडेही यातच असतात.

मशीनवर पॅड लावून, बारीक कण असलेलं कंपाउंड घेऊन हा थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासला जातो. आजूबाजूचा भाग खाली आला की ओरखडा उरत नाही. म्हणजे प्रत्येक करेक्शनमध्ये काही मायक्रॉन कायमचे जातात. दर दिवाळीला हौसेने हेच करत राहिलं तर एक दिवस क्लिअर कोटच संपतो. मग टपावर, बॉनेटवर पांढुरके चट्टे येतात, पापुद्रे सुटतात. त्यावर कुठलंच पॉलिश चालत नाही, तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

म्हणूनच जाणकार कारागीर आधी गेज लावून रंगाची जाडी मोजतो. एका दारावर 110 आणि शेजारच्या दारावर 300 आकडा आला, तर ते दार कधीतरी पुटी भरून रंगवलेलं असण्याची दाट शक्यता. (जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) मग तो छोट्या भागावर सगळ्यात सौम्य पॉलिश वापरून बघतो आणि त्याने भागलं नाही तरच कडक कंपाउंडला हात घालतो. ओरखड्यावरून नख फिरवताना ते अडकलं, तर ओरखडा खोल आहे. असा ओरखडा पूर्ण काढायच्या मागे न लागलेलंच बरं.

काही ठिकाणी मात्र ओरखडे काढत नाहीत, बुजवतात. मेणासारखा लेप लावला की गाडी झकास दिसते आणि दोन-चार वॉशिंगनंतर जाळं पुन्हा हजर.

सिरॅमिक कोटिंग केलं की ओरखडे पडतच नाहीत, हाही असाच एक गैरसमज. जाहिरातीतलं ‘9एच’ हे पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाचं माप आहे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू काचेवरही ओरखडा पाडते. कोटिंगमुळे पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते, एवढा फायदा खरा.

ओरखड्यांचं मूळ बहुतेक वेळा रोज सकाळी गाडीवर फिरणाऱ्या फडक्यात असतं. सोसायटीत एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात आणि पहिल्या गाडीची धूळ दहाव्या गाडीवर घासली जाते. पुसणाऱ्याला महिन्याला मिळणारे पैसे बघता त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आधी पाण्याच्या फवाऱ्याने धूळ उतरवायची, मग शाम्पूची एक बादली आणि फडकं खळबळायला साध्या पाण्याची दुसरी. धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं मारण्यापेक्षा ती तशीच धुळकट चालवली तरी रंगाचं नुकसान कमी होतं.