प्रबंधांचे प्रकाशन आणि विद्यापीठे

विद्यापीठीय प्रबंध हा आपल्याकडे दीर्घकाळ एक विचित्र ग्रंथप्रकार होऊन राहिला होता. तो लिहिला जाई, परीक्षक तो वाचीत, पदवी मिळे; आणि मग ग्रंथालयाच्या कपाटात तो स्वस्थ पडून राही. लखनौच्या आलमबागेत राहणाऱ्या एखाद्या अभ्यासकास मराठी कादंबरीवरील प्रबंध पाहावयाचा, तर पुण्याची वाट धरणे भाग असे. या स्थितीत पालट झाला तो २००९ मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे विद्यापीठांवर बंधनकारक केले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार भरू लागले. २०१६ च्या नियमांनी तर ही प्रत पदवी जाहीर होण्यापूर्वीच गेली पाहिजे, असा दंडक घातला.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये उघडलेले भांडार याहून वेगळ्या जातीचे. तेथे संस्था आपल्याच संशोधकांचे निबंध जतन करते. परंतु केवळ लेखकाच्या इच्छेवर विसंबणारी भांडारे बहुधा अर्धीच भरतात. विद्वानांचा आळस हा काही नवा विषय नव्हे. तिसरा मार्ग खरेदीचा. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीमुळे परदेशी प्रकाशकांची नियतकालिके वाचावयास मिळतात. मराठीत लिहिलेले संशोधन मात्र तिच्यामुळे कोणाच्या हाती पडत नाही.

म्हणूनच मराठीपुरता शोधगंगेचा मार्ग सर्वांत मोलाचा होय. प्रबंध खुला झाला की उचलेगिरी वाढेल, ही भीती अनाठायी आहे; कपाटातील प्रबंधाचीच चोरी निर्धास्तपणे करता येते. खरी अडचण निराळीच, आणि ती लिपीची आहे. कित्येक मराठी प्रबंध युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेले असतात. पडद्यावर देवनागरी अक्षर दिसते, पण त्याखाली यंत्राला भलतीच चिन्हे दिसतात. छायाप्रतीच्या रूपात ठेवलेला प्रबंध तर यंत्राच्या लेखी निव्वळ चित्र असतो. अशा प्रबंधात ‘लोकनाट्य’ हा शब्द शंभर वेळा आला असला तरी शोधणाऱ्यास तो एकदाही सापडत नाही. त्यात शीर्षक रोमन लिपीत, तेही ज्याच्या त्याच्या वर्णलेखनाने नोंदविलेले असले, म्हणजे प्रबंध प्रकाशित होऊनही अज्ञातवासातच राहतो.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत स्वीकारतानाच ती युनिकोडमध्ये असल्याची खात्री मार्गदर्शकाने करावी, शीर्षक व सारांश देवनागरीत नोंदवावा, आणि जुन्या प्रबंधांचे रूपांतर विभागांनी वर्षावर्षाने हाती घ्यावे.