भाजलेला बटाटा भुसभुशीत का होतो?

बटाट्यात जवळपास ८० टक्के पाणी असतं. उरलेल्यात मुख्यतः स्टार्च. ओव्हनमध्ये आतला गर साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, की स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. पुढे पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं, पेशी सुट्या होतात आणि गर भुसभुशीत होतो.

त्यासाठी पिठूळ बटाटा निवडा. धुऊन कोरडा पुसा, काट्याने चार-पाच ठिकाणी टोचा, तेलाचा हात लावा आणि २०० अंशांवर तासभर भाजा. फॉइलमध्ये मात्र गुंडाळू नका. वाफ आत कोंडली, की साल ओलसर आणि चिवट राहते. बाहेर काढल्याबरोबर चीर द्या. वाफेचा लोट निघून गेला, की पांढराशुभ्र गर मोकळा होतो आणि लोणी त्यात अलगद मुरतं.