निरुपयोगी कोड व त्याचा निरास

निरुपयोगी कोड व त्याचा निरास : संगणकाच्या प्रोग्रॅममधील जो भाग कधीच अंमलात येत नाही, किंवा अंमलात आला तरी ज्याचे फलित कोणाच्याही उपयोगी पडत नाही, त्यास निरुपयोगी किंवा मृत कोड म्हणतात. कोड म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला सूचनांचा मूळ मजकूर. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता, बदलता व इतरांना देता येतो, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होय. असे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे अनेक हातांनी लिहिले जाते. लिहिणारे निघून जातात, मजकूर मात्र राहतो. त्यामुळे साठलेला निरुपयोगी भाग शोधून काढून टाकणे, हे अशा प्रकल्पांच्या देखभालीचे एक नित्याचे अंग बनले आहे. प्रत्यक्ष पुसण्याचे काम क्षणाचे असते. तो भाग खरोखरच कोणाला नको आहे याची खात्री करणे, हाच या कामातील अवघड भाग होय. [→ संगणक].

प्रकार : निरुपयोगी कोडचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात : (१) प्रोग्रॅमच्या कोणत्याही मार्गाने जेथे पोहोचता येत नाही असा अगम्य भाग, उदा., फंक्शनमधून बाहेर पडण्याच्या सूचनेनंतर लिहिलेल्या ओळी. (२) ज्याला कोठूनही बोलावणे येत नाही असे संपूर्ण फंक्शन. (३) ज्याचे उत्तर पुढे कोठेच वापरले जात नाही असे गणन. (४) जो भाग बरोबर आहे व चालूही शकतो, पण ज्या यंत्रासाठी किंवा फाइलच्या ज्या नमुन्यासाठी तो लिहिला, तेच प्रचारातून गेले आहे असा गतकालीन भाग. पहिल्या तीन प्रकारांचा निर्णय बहुतांशी मजकुराच्या परीक्षणाने करता येतो. चौथ्याचा निर्णय मजकुरात नसतो, तो बाहेरच्या जगात शोधावा लागतो.

मूळ कोडचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणारा कंपायलर पहिल्या व तिसऱ्या प्रकारांतील बराचसा भाग आपोआप वगळतो. तथापि त्यामुळे फक्त तयार झालेला प्रोग्रॅम आटोपशीर होतो. मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो व तो वाचणाऱ्या माणसाचे ओझे कमी होत नाही.

दुष्परिणाम : न वापरला जाणारा कोड निरुपद्रवी असतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः प्रोग्रॅममध्ये व्यापक बदल करताना मृत भागही समजून घेऊन त्याप्रमाणे बदलावा लागतो. तो चालवून पाहिला जात नसल्याने त्यातील दोष उघड होत नाहीत. परिस्थिती बदलली म्हणजे तो अकस्मात जागा होण्याचाही संभव असतो.

मुक्तस्रोत क्षेत्राबाहेरील दोन घटनांवरून याची कल्पना येते. ४ जून १९९६ रोजी आरिआन–५ या यूरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील एक गणन आरिआन–४ वरून तसेच उचललेले होते. आरिआन–५ च्या बाबतीत उड्डाणानंतर त्या गणनाचा काहीच उपयोग नव्हता, तरी ते चालू राहिले. नव्या अग्निबाणाचा क्षैतिज वेग अधिक असल्याने एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि दोन्ही दिशादर्शक संच बंद पडले. दुसरी घटना अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार संस्थेची आहे. तिने २००३ मध्ये वापरणे थांबविलेला एक भाग कोडमध्ये तसाच राहिला होता. त्याला चालना देणारी खूण पुढे नव्या कामासाठी योजण्यात आली. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचलेला नसल्याने त्या खुणेने तेथील जुना भाग जागा केला. सुमारे ४५ मिनिटे चुकीचे सौदे होत राहिले व संस्थेला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला.

मुक्तस्रोत क्षेत्रात हा प्रश्न २०१४ मध्ये ऐरणीवर आला. इंटरनेटवरील संदेश गुप्त राखण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघड झाला. तो ज्या सोयीत होता तिची गरज फार थोड्यांना होती, पण ती सर्वांच्या संगणकांवर चालू होती. ओपनबीएसडी या प्रकल्पाच्या मंडळींनी मूळ कोडची प्रत घेऊन त्याच महिन्यात लिब्रेएसएसएल हा स्वतंत्र प्रकल्प सुरू केला आणि पहिल्या आठवड्यातच सुमारे ९०,००० ओळी काढून टाकल्या. १६ बिटी विंडोज, ओएस/२, जुनी मॅक प्रणाली यांसारख्या मागे पडलेल्या व्यवस्थांसाठीचा कोड त्यांत होता.

शोधाच्या पद्धती : एखादा प्रोग्रॅम विशिष्ट ओळीपर्यंत पोहोचेल की नाही, हे प्रत्येक बाबतीत अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग (१९३६) व एच. जी. राइस (१९५३) यांच्या सिद्धांतांवरून निष्पन्न होते. म्हणून व्यवहारात अंशतः यशस्वी होणाऱ्या पद्धतींवर भागवावे लागते. स्थिर परीक्षणात प्रोग्रॅम न चालविता त्याचा मजकूर तपासतात. लिखित फंक्शनांची एक व बोलाविल्या जाणाऱ्या फंक्शनांची दुसरी यादी करून पहिलीतून दुसरी वजा केली म्हणजे संशयितांची नावे मिळतात. चल परीक्षणात प्रोग्रॅम चालवून कोणत्या ओळी किती वेळा अंमलात आल्या याची नोंद घेतात. दोन्ही रीतींना मर्यादा आहेत. फंक्शनाचे नाव प्रोग्रॅम चालू असताना जुळविले जात असेल, किंवा बाहेरून जोडलेला एखादा पूरक प्रोग्रॅम त्याला बोलावीत असेल, तर पहिली रीत जिवंत भागाला मृत ठरविते. क्वचितच उद्‌भवणारी चूक सावरणाऱ्या ओळी चाचणीच्या वेळी चालल्या नाहीत, तर दुसरी रीतही तीच चूक करते.

लिब्रेऑफिस : कार्यालयीन कामकाजाच्या या सॉफ्टवेअरचे मूळ १९८० नंतरच्या दशकात जर्मनीत सुरू झालेल्या स्टारऑफिसमध्ये आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९९९ मध्ये विकत घेतले, २००० मध्ये त्याचा कोड ओपनऑफिस या नावाने खुला केला, आणि २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळे झाले. तोवर कोडमध्ये जर्मन भाषेतील असंख्य टिपा आणि कोणीही न बोलाविणारी हजारो फंक्शने साठली होती. वर सांगितलेल्या वजाबाकीच्या तत्त्वावर चालणाऱ्या ‘कॉलकॅचर’ या साधनाने अशा फंक्शनांची यादी करून ती मूळ कोडबरोबरच ठेवण्यात आली. त्यांतील एकेक नाव तपासून काढणे हे नवागत स्वयंसेवकांना पहिले काम म्हणून दिले जाई. एक फंक्शन काढले की केवळ त्याच्याकडूनच बोलाविली जाणारी आणखी काही उघडी पडत, त्यामुळे यादी पुनःपुन्हा करावी लागे. नवख्याला कोडची ओळख व्हावी आणि प्रकल्पाचे ओझेही उतरावे, असा दुहेरी लाभ या योजनेने झाला.

याच प्रकल्पात निरासाची दुसरी बाजूही दिसून आली. २०१३ मधील ४.० या आवृत्तीतून स्टारऑफिसच्या जुन्या फाइली वाचणारा भाग वगळण्यात आला. तो अवजड होता व सांभाळणे कठीण झाले होते. परंतु ज्यांचे जुने लेखन त्याच नमुन्यात साठविलेले होते, त्यांना ते नव्या आवृत्तीत उघडता येईना. पुढे त्या फाइली वाचण्यासाठी स्वतंत्र लायब्ररी नव्याने लिहून ही सोय परत आणावी लागली.

लिनक्स : लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात मुख्य प्रश्न चौथ्या प्रकारचा असतो. लिनस टॉरव्हॉल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये ही प्रणाली इंटेल ३८६ या प्रोसेसरवर लिहिली. तरीही फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तीतून ३८६ चा आधार काढून घेण्यात आला. काढलेल्या ओळी थोड्या होत्या, पण नंतरच्या प्रोसेसरांतील काही आज्ञा ३८६ मध्ये नसल्याने त्याच्यासाठी प्रत्येक नव्या सुधारणेत वेगळी तजवीज करावी लागत होती. जून २०१८ मधील ४.१७ या आवृत्तीतून आठ प्रोसेसर-कुलांचा कोड एकदम वगळण्यात आला व साडेचार लाखांहून अधिक ओळी कमी झाल्या. या कुलांची रचना परस्परांहून अगदी भिन्न होती, पण शेवट सारखाच झाला : प्रोसेसर व त्यासाठीचे सॉफ्टवेअर या दोहोंचा भार एकेका कंपनीवर होता आणि दुसऱ्याचा तयार प्रोसेसर परवान्याने घेणे तिला स्वस्त पडू लागले. याच आवृत्तीत नव्याने आलेले एनडीएस३२ हे कुलही २०२२ मध्ये वगळले गेले.

इटेनियम या प्रोसेसरचा पुरवठा इंटेलने २०२१ मध्ये थांबविला. त्याच्या कोडची जबाबदारी घेणारे कोणी न उरल्याने जानेवारी २०२४ मधील ६.७ या आवृत्तीतून तो काढण्यात आला. ज्यांच्याजवळ अशी यंत्रे चालू स्थितीत होती, त्यांपैकी काही हौशी मंडळींनी तो कोड मुख्य प्रकल्पाबाहेर चालू ठेवला. कोड खुला नसता, तर हा मार्ग त्यांना मिळाला नसता.

निरासाची रीत : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कोण व कोठे वापरतो याची नोंद नसते. वापर करणाऱ्यास कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही व तो सहसा काही कळवितही नाही. म्हणून मोठ्या प्रकल्पांत निरास टप्प्याटप्प्याने करतात. प्रथम तो भाग कालबाह्य झाल्याचे जाहीर करून वापरणाऱ्यास सूचना दिसेल अशी व्यवस्था करतात. काही आवृत्त्या जाऊ देतात. तक्रार किंवा सांभाळण्याची तयारी पुढे न आल्यास तो काढतात. काढताना प्रत्येक बदल लहान व स्वतंत्र ठेवतात आणि त्याचे कारण नोंदवितात, म्हणजे चूक झाल्यास तेवढाच बदल परत फिरविता येतो.

टॉरव्हॉल्ड्‌स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या गिट यासारख्या आवृत्तिनोंद-प्रणालींत पूर्वीचा प्रत्येक पाठ जतन केलेला असतो. त्यामुळे ‘पुढेमागे लागेल’ म्हणून जुना कोड चालू प्रतीत ठेवण्याचे कारण उरत नाही. मात्र इतिहासात जतन झालेला कोड आपोआप चालता राहत नाही. भोवतालचे भाग बदलत जातात, आणि काही वर्षांनी तो परत आणणे नव्याने लिहिण्याइतकेच कष्टाचे होऊ शकते. यामुळे निरासाचा निर्णय घेताना ओळींच्या संख्येपेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात : त्या भागावर अजून कोणी अवलंबून आहे काय, आणि तो सांभाळण्यास कोणी तयार आहे काय.