चाकांना न शिवणारं इंजिन

डिझेल इंजिन फलाटाला लागलं, की ते आधी पायांना कळतं. फरशी थरथरते, हातातल्या चहावर बारीक वर्तुळं उठतात. एवढी ताकद थेट चाकंच फिरवत असणार, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. खरं कळलं तेव्हा थक्क झालो. आत धडधडणारं ते यंत्र चाकांना शिवतसुद्धा नाही!

आपल्याकडे सर्वांत ओळखीचं झालेलं डब्ल्यूडीएम-२ घ्या. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं हे इंजिन १९६२ साली भारतात आलं, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं आणि पुढे अडीच हजारांहून अधिक संख्येनं देशभर धावलं. त्याच्या पोटात १६ सिलिंडर. पूर्ण जोरात मिनिटाला १००० फेरे आणि दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एक स्फोट. म्हणजे मिनिटाला ८००० स्फोट! अश्वशक्ती २६००.

पण या राक्षसाची एक अडचण आहे. थांबलेल्या अवस्थेत त्याला जोर लावताच येत नाही. आधी स्वतः फिरायला हवं. मोटारीत ही अडचण क्लच सोडवतो. हजारो टनांच्या मालगाडीपुढे तो घासून जळून जाईल. म्हणून यंत्र फक्त जनित्र फिरवतं. तिथली वीज तारांतून खाली उतरते आणि सहा आसांवरच्या सहा मोटारी चाकं फिरवतात. या मोटारींचा स्वभाव नेमका उलटा : गाडी जागेवर उभी असते, तेव्हाच त्यांची ओढ सर्वांत जास्त. ड्रायव्हर एक ते आठ 'नॉच', म्हणजे ताकदीच्या पायऱ्या, चढवतो, तेव्हा तो खरं तर एक चालतं वीजघर हाताळत असतो. छोट्या मार्गांवरच्या डेमू गाडीतही हेच घडतं.

आणि ही सगळी ताकद रुळाला कुठे टेकते? इंजिनाचं वजन सुमारे ११२ टन, चाकं बारा. प्रत्येक चाक जेमतेम नखाएवढ्या जागेवर उभं. पावसानं रूळ निसरडा झाला, की चाकापुढे वाळू सोडतात. साधी, कोरडी वाळू!

स्वतःचं वीजघर सोबत असल्यानं वर तारा लागत नाहीत. म्हणून तर १९९८ साली पूर्ण खुली झालेली कोकण रेल्वे जवळजवळ दोन तपं मुख्यतः डिझेलवर चालली. मात्र धूरही सोबत येतो. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आठवा. अशा लांब बोगद्यांत हवा खेळती ठेवायला मोठे पंखे बसवावे लागले.

मला सर्वांत भावतो तो उतार. तिथे गाडीच इंजिनाला ढकलू लागते. मग त्याच मोटारी जनित्र होतात, चाकांना मागे ओढत वीज तयार करतात. ती वीज रोधकांच्या जाळ्यांत जिरते, जाळ्या तापतात, पंखा ती ऊब बाहेर फेकतो. चढताना जाळलेल्या डिझेलचा काही भाग असा गरम हवा होऊन इंजिनाच्या माथ्यावर लहरत राहतो.