उष्ण देशांच्या प्रवासांत कपडे कोणते न्यावे?

आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे वडील बंधु, काका अथवा मामा नोकरीनिमित्त सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर अशा शहरीं राहतात, आणि सुटींत त्यांच्याकडे जाण्याचा योग येतो. अशा वेळीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो कपड्यांचा. "तिकडे उकडतें म्हणे, आपल्याकडेहि उकडतेंच. मग निराळें तें काय न्यावयाचें?" आम्हींहि असेंच म्हटलें होतें, व त्याचें फळ भोगलें. म्हणून हे चार शब्द.

उकाड्याचे दोन प्रकार आहेत. सोलापुरास उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो, पण हवा कोरडी असते. घाम येतो न येतो तोंच तो सुकतो, आणि सुकतांना शरीरांतील उष्णता घेऊन जातो. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें आपलें अंगहि गार राहतें. सिंगापूर हें बेट विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १.३ अंशांवर आहे. तेथें बाराहि महिने दुपारीं ३१-३२ व रात्रीं २४-२५ अंश उष्णता असते. आंकडा लहान दिसतो. परंतु हवेंत बाष्प इतकें असतें कीं घाम लवकर सुकत नाहीं. पावसाळ्यांत माठाचें पाणी पुरेसें गार होत नाहीं, तसेंच हें. मुंबईकरांस याची ओळख असते; देशावरच्या मंडळींस ती नसते.

आमच्याबरोबर आमच्या वृद्ध मातोश्री होत्या. परदेशीं जावयाचें म्हणून त्यांच्यासाठीं कृत्रिम रेशमाच्या नव्या साड्या मुद्दाम घेतल्या होत्या. दुसऱ्याच दिवशीं तिसऱ्या प्रहरीं भर बाजारांत त्यांना घेरी आली. सावलींत बसवून, पाणी पाजून, ओल्या रुमालानें तोंड व मान पुसल्यावर त्या सांवरल्या. दोष सर्वस्वीं साडीचा, असें आम्ही म्हणत नाहीं. ऊन होतें, व पाणीहि कमी प्यालें गेलें होतें. तरी दुसऱ्या दिवशीं त्यांनीं जुनें धुवट सुती लुगडें नेसलें, आम्हीं दुपारचें फिरणें सोडलें, आणि उरलेला प्रवास सुखानें पार पडला.

याचें कारण धाग्यांत आहे. सुताचा धागा नुसत्या हवेंतूनहि आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा घेतो. पॉलिएस्टरचा धागा एक टक्काहि घेत नाहीं. म्हणून तसल्या घट्ट विणीच्या कपड्याखालीं घाम अंगावरच राहतो, घामोळें उठतें, व ओलीमुळें नायटाहि होतो. मात्र सूत जाड असून उपयोगी नाहीं. आमची जाड निळी जीन्सची विजार धुतल्यावर दोन दिवस वाळली नाहीं! कापड सुती, पातळ व फिकट रंगाचें असावें, आणि शिवण सैल असावी, म्हणजे आंत वारा खेळतो. बाह्या पूर्ण असल्यास ऊन लागत नाहीं, व डेंग्यूचा डांस दिवसां चावतो त्यापासूनहि बचाव होतो.

आतां रीतीविषयीं. बँकॉकच्या राजवाड्यांत गुडघे वा खांदे उघडे असल्यास आंत घेत नाहींत, मग पाहुणा कितीहि दुरून आलेला असो. क्वालालंपूरच्या मशिदींतहि अंग झांकणारा वेष लागतो. ब्रह्मदेशांत, म्हणजे म्यानमारांत, पॅगोड्याच्या आवारांत पादत्राणांबरोबर पायमोजेहि काढावे लागतात. दुपारीं तेथील फरशी तापते, म्हणून सकाळीं जावें. अशा ठिकाणांसाठीं चटकन् निघणाऱ्या चपला बऱ्या. आपल्या मुलींची सलवार-कमीज व स्त्रियांची सुती साडी सर्वत्र शोभते.

आणखी दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली, पातळ शाल अथवा पूर्ण बाह्यांचा सदरा. तेथील दुकानें व आगगाड्या यंत्रानें इतक्या गार ठेवतात कीं घामेजलेल्या अंगास आंत शिरतांच हुडहुडी भरते. दुसरी, छत्री. बँकॉकास मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. सिंगापुरास तो केव्हांहि येतो, व नोव्हेंबर ते जानेवारींत अधिक. जड रेनकोटांत मात्र उकडून जीव नकोसा होतो.

आठ दिवसांच्या प्रवासास एका मुलाला चार सदरे, दोन विजारी, आंतील कपड्यांचे पांच जोड, एक टोपी, एक टॉवेल व एक शाल पुरेत. रात्रीं धुवावें व पंख्याखालीं वाळत घालावें. नव्या कपड्यांचा हट्ट विद्यार्थ्यांनीं धरूं नये, व पालकांनींहि तो पुरवूं नये. वाचलेल्या पैशांत एखादें संग्रहालय पाहून होईल.

"देश तसा वेश" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. तींत आपल्या प्रकृतीची काळजी आहे, आणि ज्यांच्या दारीं आपण जातों त्यांचा मानहि आहे. पेटी भरतांना या दोहोंचें स्मरण ठेवावें, आणि घरांतील वडील माणसांची पेटी आपल्या आधीं पाहावी, एवढीच आमची विनंति.